सायकल, कुलूप आणि पावती

आमच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीमागे एक प्लास्टिकची पिशवी खोचलेली असे. तिच्यात रेशनकार्ड, माझा जातीचा दाखला आणि वडिलांच्या सायकलची पावती. पावती दुकानाची नव्हती. वहीच्या पानावर जुन्या मालकाने लिहून दिले होते की, अमुक क्रमांकाची सायकल चारशे रुपयांस विकली. खाली सही आणि दोन साक्षीदार. लहानपणी मला याचे नवल वाटे. सायकलला कुलूप होते, रात्री ती दाराच्या कडीला साखळीने बांधली जाई. मग हा कागद इतका जपून कशाला?

कारण पुढे कळले. १९९४ साली वडिलांनी ही सायकल घेतली आणि पंधरा दिवसांतच रात्रपाळीहून येताना त्यांना चौकीत बसवून ठेवण्यात आले. गुन्हा एवढाच की, सायकल होती आणि पावती नव्हती. सकाळी जुन्या मालकाने येऊन सांगितले तेव्हा ते सुटले. त्याच दिवशी तो कागद लिहिला गेला. तेव्हापासून आमच्या सायकलला दोन कुलपे होती. एक चोरापासून सायकल वाचवण्यासाठी, दुसरे चोर ठरण्यापासून माणूस वाचवण्यासाठी. शहरातल्या सायकलचोरीवर बोलणारे पहिल्या कुलपाविषयी पुष्कळ बोलतात. दुसऱ्या कुलपाचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. तो येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम एक प्रश्न. सायकल गेली तर काय जाते? मध्यमवर्गीयाची एक वस्तू जाते. आपल्या माणसाची वाट जाते. अस्पृश्याला वाट होती, पण वाहन नव्हते. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावी निघाला. मसूर स्टेशनावर उतरल्यावर एकही गाडीवान या महारांच्या मुलांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, मुलांनी स्वतः गाडी हाकावी या अटीवर गाडी मिळाली. पुढे १९२९ साली चाळीसगावी हाच अनुभव आला. तोवर ते बॅरिस्टर झाले होते, डॉक्टर झाले होते. पण टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसवला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. या दोन्ही प्रसंगांचा अर्थ एकच आहे. बैल चालायला तयार होता, घोडा तयार होता. हाकणारा तयार नव्हता.

सायकलला हाकणारा लागत नाही. ती जात विचारत नाही. म्हणून आपल्या लोकांच्या जीवनात तिला जे स्थान आहे ते केवळ सोयीचे नाही, ते मुक्ततेचे आहे. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. मद्रासला १९४९ मध्ये, सोनीपतला १९५१ मध्ये अ‍ॅटलस, लुधियानाला १९५६ मध्ये हीरो. पूर्वी विलायतेहून येणारी सायकल आता देशात बनू लागली आणि दोन-तीन हात फिरून का होईना, कामगाराच्या दारात आली. पुण्याला सायकलींचे शहर म्हणून लोक कौतुकाने ओळखत. त्या सायकलींवर प्राध्यापक आणि कारकून होते, तसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात पाळीला जाणारे आपले बापजादेही होते. गावाकडे चित्र वेगळे होते. माझे आजोबा सांगत की, पाटलाच्या वाड्यापुढे सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत न्यावी लागे. शहरात उतरावे लागत नसे. पण थांबावे लागे.

हे थांबवणे पुष्कळ प्रकारचे होते. राज्यघटनेने वाहनांवरील कराचा अधिकार राज्यांना दिला. त्यात यंत्राने चालणारी आणि न चालणारी, दोन्ही वाहने आली. अनेक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून बिल्ला देत. बिल्ला नाही म्हणून थांबवत, दिवा नाही म्हणून थांबवत, डबलसीट म्हणून थांबवत. हे दंड सर्वांनाच होत, हे मान्य केले पाहिजे. परंतु दंड भरून सुटणारा कोण आणि ‘सायकल कोणाची?’ या प्रश्नापाशी अडकणारा कोण, हे मात्र कपडे आणि आडनाव पाहून ठरे.

हा प्रश्न जुना आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाची मालमत्ता ठरवून दिलेली आहे. कुत्री आणि गाढवे यांपलीकडे त्याचे काही असू नये. ज्याच्याजवळ काही असूच नये, त्याच्याजवळ काही दिसले तर ते दुसऱ्याचे असले पाहिजे, हा या धर्मशास्त्राचा सरळ निष्कर्ष आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ती पोथी जळाली. निष्कर्ष जळाला नाही. इंग्रजाने तर त्याला कायद्याचे रूप दिले होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तरेत आला, १९११ मध्ये तो साऱ्या देशाला लागू करता येईल असा झाला, १९२४ मध्ये एकत्रित झाला. पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी जमातींची नावे नोंदवली गेली. हजेरी आली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत आली. चोरी केल्यावर माणूस चोर ठरतो ही कायद्याची साधी रीत. येथे माणूस आधी चोर ठरला, चोरी शोधायची राहिली.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी साऱ्या देशातून गेला. त्याच १९५२ च्या जानेवारीत मुंबईला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि त्यात डी सिकाचा १९४८ चा ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवला गेला. महायुद्धानंतरच्या रोममधला एक बेकार माणूस. सायकल असेल तरच नोकरी, म्हणून घरातल्या चादरी गहाण ठेवून सायकल सोडवतो, आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. शेवटी तो स्वतः एक सायकल चोरू पाहतो आणि पकडला जातो. तो चित्रपट पाहून आपले सुशिक्षित भारावले. भारावणे योग्यच होते. पण जन्माने चोर ठरवलेल्या लाखो माणसांवरचा शिक्का त्याच वर्षी उतरत होता, याची त्यांच्यापैकी किती जणांना जाणीव होती? रोमचा तो माणूस चोर होतो परिस्थितीने. आपल्याकडे परिस्थितीचीही गरज नव्हती.

कायदा गेला, पण संशयाची व्यवस्था कायम राहिली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, १२४ वे कलम वाचून पाहावे. चोरीची असल्याचा संशय घेण्यास कारण आहे अशी वस्तू ज्याच्या ताब्यात सापडेल, त्याने तिच्याविषयी समाधानकारक खुलासा केला नाही तर तो शिक्षेस पात्र ठरतो. कागदावर हे कलम सर्वांना सारखे आहे. परंतु ‘संशय घेण्यास कारण’ म्हणजे काय? नव्या कोऱ्या सायकलवर मळक्या कपड्यांचा माणूस, हे कारण होऊ शकते. माझ्या वडिलांच्या बाबतीत एवढेच कारण होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. चौकीतला संशय आणि जमावातला संशय यांचे मूळ एक आहे.

आता माझा अनुभव. २००८ साली मी शिकत असताना ग्रंथालयाबाहेरून माझी सायकल गेली. मागच्या चाकाचे गोल कुलूप लावले होते. या कुलपाने चाक फिरत नाही एवढेच. सायकल उचलून टेम्पोत टाकायला ते आडवे येत नाही. मी चौकीत गेलो. हवालदारांनी नाव विचारले, आडनाव विचारले, राहतोस कुठे विचारले. समाजकल्याणचे वसतिगृह म्हटल्यावर म्हणाले, “पावती आहे का? नाही? मग सायकल तुझीच होती कशावरून?” चोरीची तक्रार करणाऱ्यालाच खुलासा द्यावा लागत होता. अखेर साधा अर्ज घेतला, शिक्का मारला, गुन्हा नोंदवला नाही. चोरी तेव्हा दखलपात्र होती, कितीही रुपयांची असो. गुन्हा नोंदवणे त्यांना भाग होते. मला ते ठाऊक नव्हते. पावती जपण्याचा वडिलांचा धडा मी पदवीच्या नादात विसरलो होतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३०३ व्या कलमात एक चांगली गोष्ट आहे. चोरी पाच हजार रुपयांच्या आतली असेल, माणूस प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा. याचे स्वागत केले पाहिजे. पोटासाठी चोरणारा पोरगा तुरुंगात जाऊन कोणाचे भले होत नाही. परंतु त्याबरोबरच अशी चोरी अदखलपात्र ठरवली आहे. म्हणजे न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. पाच हजारांच्या आतली सायकल कोणाची असते? घरकामाला जाणाऱ्या बाईची, रखवालदाराची, जुनी सायकल घेऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्याची. पन्नास हजारांच्या सायकलची दखल, दोन हजारांच्या सायकलची अदखल! २००८ मध्ये हवालदार कायदा बाजूला सारून जे करत होते, ते आता कायद्यानेच करून ठेवले आहे. आणि ताब्यातल्या वस्तूचा खुलासा मागणारे ते १२४ वे कलम मात्र जागेवरच आहे. गरिबाची वस्तू गेली तर ती क्षुल्लक. गरिबाजवळ वस्तू सापडली तर ती संशयास्पद.

मग करायचे काय? कार्यकर्त्यांनी या प्रश्नाला छोटा समजू नये. प्रत्येक सायकलच्या सांगाड्यावर, बहुधा पायडलच्या आसाखाली किंवा सीटखालच्या नळीवर, क्रमांक ठोकलेला असतो. वस्तीतल्या सर्व सायकलींचे क्रमांक एका वहीत उतरवून घ्यावेत. विहारात ही वही ठेवता येईल. सायकलबरोबर मालकाचा फोटो काढावा. जुनी सायकल घेताना लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मागच्या चाकाच्या कुलपावर विसंबू नये. साखळी सांगाड्यातून आणि चाकातून ओवून खांबाला बांधावी, तीही वर्दळीच्या जागी. सायकल गेली तर लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि गुन्हा अदखलपात्र असेल तर तपासाच्या आदेशासाठी न्यायाधीशाकडे अर्ज करावा. एकट्याने जाऊ नये, दोघा-चौघांनी सोबत जावे. सायकल सापडली तर ती चौकीच्या आवारात गंजू देऊ नये. जप्त मुद्देमाल पंधरा दिवस ते महिना यापेक्षा अधिक काळ ठाण्यात अडकून राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये एका गुजरातच्या प्रकरणात सांगितले आहे.

कागदाचे बळ आपल्याच बायांनी दाखवून दिले आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांना, ज्यांत बहुसंख्य दलित, ओळखपत्रे मिळाली आणि पुढे महापालिकेने ती मान्य केली. भंगार उचलणारी म्हणजे चोरणारी, या समजुतीला त्या छोट्या कार्डाने उत्तर दिले. म्हणून आणखी एक सांगणे आहे. सायकल गेली की भंगारवाल्याकडे, पारध्याच्या पालाकडे बोट दाखवायची सवय आपल्याही वस्तीत आहे. जो शिक्का आपल्यावर मारला गेला तो आपण दुसऱ्यावर मारू नये. आणि पकडलेल्या पोराला मारू तर मुळीच नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमांतील जातीवरून कामे वाटणाऱ्या आणि विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्या कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाल्यावरही शिल्लक होत्या. यावरून संशय किती चिवट असतो ते ध्यानात यावे.

वडील आता सायकल चालवत नाहीत. सायकलही राहिली नाही, भंगारात गेली. मी मागच्या खेपेला पिशवी उघडून पाहिली. रेशनकार्ड बदलले आहे, पावती तीच आहे. “आता कशाला ठेवलीय?” मी विचारले. ते म्हणाले, “असू दे. कोणी विचारलं तर?”

तीस वर्षांनंतरही त्यांना कोणीतरी विचारील असे वाटते. ज्या दिवशी माझ्या वडिलांना हा कागद निर्धास्तपणे फाडता येईल, त्या दिवशी ही सायकल खरोखर त्यांची झाली असे मी म्हणेन.