किनाऱ्यावरची माणसं

आम्ही बडोद्याचे. पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत आले आणि दांडिया बाजारात बिऱ्हाड केलं. "कुठून आलात, कागद दाखवा," असं त्यांना कुणी विचारल्याचं घरात तरी ऐकलं नाही. हे आठवलं ते मुलीकडे व्हँकूवरला गेले तेव्हा. तिथे समुद्राकाठी 'कोमागाता मारू'चं स्मारक आहे.

२३ मे १९१४ ला हे जपानी जहाज ३७६ हिंदी प्रवासी घेऊन या बंदरात आलं. ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. कॅनडाचा नियम असा की मायदेशातून कुठेही न थांबता आलेल्यालाच उतरता येईल, शिवाय खिशात २०० डॉलर हवेत. आता हिंदुस्थानातून थेट बोटच नव्हती! पूर्वी तिथे राहिलेले वीसेक जण उतरले, बाकीचे दोन महिने जहाजावरच कोंडलेले. वकिलालाही धड भेटू देईनात.

मला जास्त भिडली ती किनाऱ्यावरची माणसं. बहुतेक लाकूड-गिरण्यांत राबणारी, मताचा हक्क १९०७ सालीच काढून घेतलेला. पण त्यांनी समिती काढली. भागसिंग, बलवंतसिंग आणि हुसेन रहीम पुढे होते. हे रहीम म्हणजे मूळचे पोरबंदरकडचे लोहाणा, छगन खैराज वर्मा! म्हणजे आमच्या गुजरातचाच माणूस. जहाजाच्या भाड्याचे पैसे थकले होते, समितीने २२,००० डॉलर उभे केले. एडवर्ड बर्ड हा वकील दिला. मुन्शीसिंग या प्रवाशाच्या नावाने खटला लढवला, पण ६ जुलैला अपील कोर्टात हरले. २३ जुलैला युद्धनौकेच्या धाकात जहाज परत फिरलं. पुढे कलकत्त्याजवळ बजबजला २९ सप्टेंबरला पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात सुमारे २० प्रवासी गेले.

मुलगी म्हणाली, "मग एवढी वर्गणी काढून उपयोग काय झाला, आई?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ साली, १०२ वर्षांनी. ते दोन महिने मात्र जहाजावरच्यांना एवढं तरी माहीत होतं, की काठावर आपलं कुणीतरी आहे. घरी येऊन तिला तेच सांगितलं.

तुमच्या घरात परमुलखात अडकलेल्या कुणासाठी अशी धावाधाव झाली असेल, तर जरूर लिहा.