रेझर्पिन : औषधजोडी व शिकलेले वर्तन

सर्पगंधेच्या मुळांतील प्रमुख अल्कलॉइड. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने ५० रुग्णांचा रक्तदाब उतरल्याचे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून मांडले आणि या वनस्पतीकडे जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत रेझर्पिन वेगळे काढण्यात आले. १९५७ चे लास्कर पारितोषिक वकिलांना मिळाले. प्रयोगशाळांतही तोवर या औषधाचा वापर सुरू झाला होता.

अशा एका प्रयोगात उंदराला दोन खणांच्या पेटीत ठेवून घंटा वाजवतात व काही सेकंदांनी विजेचा सौम्य झटका देतात. सरावाने तो घंटा ऐकताच दुसऱ्या खणात जाऊ लागतो. यास अभिसंधित परिहार म्हणतात. योग्य मात्रेत रेझर्पिन दिले, की घंटेला तो दाद देत नाही. झटका बसल्यावर मात्र पळतो. मग शिकलेले पुसले गेले, की वापरता येईना? एकट्या रेझर्पिनच्या प्रयोगातून याचे उत्तर मिळत नाही. ते दोन औषधांच्या जोडीतून मिळाले. १९६३ मध्ये सायडेन व कार्लसन या संशोधकांनी रेझर्पिन दिलेल्या प्रशिक्षित उंदरांना एल-डोपा टोचले. नवे प्रशिक्षण न देताच परिहार काही काळ व काही अंशी परतला. शिकलेले शाबूत होते, हा यातून निघणारा अर्थ फार मोलाचा आहे.

परिहार परतण्याचे कारण असे : रेझर्पिनमुळे चेतातंतूंच्या टोकांशी डोपामीन, नॉरॲड्रेनॅलीन व सेरोटोनिन यांचा साठा टिकत नाही. साठ्याबाहेर आलेली ही द्रव्ये मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर मोडून टाकते. एल-डोपापासून मेंदूत पुन्हा डोपामीन बनते.

जोडीत क्रमालाही महत्त्व असते. मोनोअमाइन ऑक्सिडेजला रोखणारे इप्रोनियाझिड आधी दिल्यास, नंतरच्या रेझर्पिनने प्राणी सुस्तावण्याऐवजी उत्तेजित होतो. रेझर्पिनने साठा रिता झाल्यावर इप्रोनियाझिड दिले, तर तसा परिणाम दिसत नाही. म्हणून दोन औषधांच्या परिणामांची नुसती बेरीज करून जोडीचे भाकीत करता येत नाही. अशा प्रयोगात किमान चार गट लागतात : पहिले औषध, दुसरे औषध, दोन्ही, आणि औषधाविना निव्वळ द्रावक. प्राण्यांची संख्या त्यामुळे वाढते. भारतात १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखालील १९९८ च्या नियमांनुसार संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे त्या संख्येचे समर्थन करावे लागते.