मूठ, माती आणि कंबर

खानदेशातली सगळ्यात जुनी कुस्ती कुठे झाली असं आमच्याकडे कुणालाही विचारा, तो एरंडोलकडे बोट दाखवेल. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, आणि तिथून जवळच पद्मालयाच्या बाजूला भीमाने बकासुराला मारलं, अशी आपल्याकडची समजूत. (पद्मालयाच्या गणपतीला गेलेल्या प्रत्येक पोराने डब्यातल्या पुऱ्या खाता खाता ही गाडाभर अन्नाची गोष्ट ऐकलेली असते.) आता याला पुरावा वगैरे मागू नका. पण महाभारतातलं त्या लढतीचं वर्णन एकदा नीट वाचाच. भीम जेवत बसलाय. मागून येऊन बकासुर दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत दणके घालतोय. भीम मागे वळूनसुद्धा बघत नाही! जेवण उरकतो, हात धुतो, मग थोडी झाडांची फेकाफेक होते, आणि शेवटी पाठीत गुडघा रोवून, मान आणि कंबर धरून तो राक्षसाला मधोमध मोडतो. म्हणजे दणके मारणारा हरला आणि पकड घेणारा जिंकला.

आमच्या मुलखाने हा निकाल फारच मनावर घेतला असं मला वाटतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे जळगावची आमची भाची. नववीत आहे, दोन वर्षं कराटेला जाते. हवेत ठोसे मारताना अगदी रुबाबदार दिसते. पण दिवाळीत तिने घरी टांगलेल्या पोत्यावर ठोसा मारला तेव्हा पोतं जेमतेम हललं आणि तिचं मनगट मात्र मुडपलं. "मामा, माझा पंच लागत का नाही?" आता मी काही कराटेवाला नाही. मला आपली जुनी पुस्तकं चाळायची खोड, म्हणून माझं उत्तर इतिहासाच्या वळणाने गेलं. पण प्रश्न साधा नाही. संध्याकाळी क्लासहून एकटी परतणाऱ्या मुलीला घरच्यांनी ज्या भरवशावर पाठवायचं, तो भरवसा खरा आहे की नुसता दिसण्यापुरता, हा त्यातला खरा प्रश्न.

तर मुठीचा इतिहास. आपल्या तालमीत मारुती असतो, त्याला नमस्कार केल्याशिवाय कुणी मातीत उतरत नाही. आणि वाल्मीकि रामायणात हाच मारुती रावणाच्या छातीवर एक मूठ अशी ठेवून देतो की रावण गुडघ्यांवर येतो. समर्थ रामदासांनी स्वहस्ते लिहिलेली वाल्मीकि रामायणाची प्रत धुळ्यातच आहे, समर्थ वाग्देवता मंदिरात. देव मुठीचा, पण त्याच्यासमोरच्या मातीत मूठ वर्ज्य! कुस्तीत ठोसा मारला की तुम्ही बाद. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग ३ वर्षं महाराष्ट्र केसरी जिंकली, ती पकडीवर आणि डावांवर.

मूठ सगळीकडूनच हद्दपार झाली असं मात्र नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या खुराकाचं आणि मेहनतीचं तपशीलवार वर्णन आहे. म्हैसूरच्या दसऱ्यात जेट्टी मल्लांची वज्रमुष्टी होते, तीत मुठीवर टोकदार आयुध चढवतात आणि डोक्यातून पहिलं रक्त आलं की लढत थांबते. मला यात एक व्यवहार दिसतो. पंजात हाडं २७, तीही बारीक. समोर कवटी. नुसत्या मुठीने कवटीवर मारणं म्हणजे चिनी मातीच्या कपाने नारळ फोडणं. म्हणून कुणी मुठीवर आयुध चढवलं, तर १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी इंग्रजांच्या मुष्टियुद्धात हातमोजे सक्तीचे केले. हातमोज्याने समोरच्याचं डोकं वाचतं असा आपला समज, पण आधी वाचतो तो मारणाऱ्याचा हात. करंगळीमागचं हाड मोडण्याला डॉक्टर 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात खरं, पण ते जास्त करून न शिकता मूठ चालवणाऱ्यांचंच मोडतं.

आणि कराटे? आपल्याकडे ते पोचलं ब्रूस ली आणि मिथुनच्या सिनेमांवर बसून. त्याचा 'कराटे' आला १९८३ साली. अहिराणी बोलणाऱ्या घरांतली पोरं शाळेच्या मैदानात रांगेने उभी राहून "इची, नी, सान" म्हणायला लागली. ही रांग मात्र कराटेइतकी जुनी नाही बरं का! ओकिनावात पूर्वी एक गुरू आणि मोजके शिष्य अशी ती खाजगी विद्या होती. १९०१ च्या सुमारास इतोसु आंको यांनी ती प्राथमिक शाळेत आणली, आणि १९०८ च्या पत्रात तिचे फायदे सांगताना सैन्याला मजबूत तरुण मिळतील असंही लिहिलं. शाळा आली, मग पोरांच्या रांगा आल्या, मोजणी आली, हवेतले ठोसे आले. पण त्याच पत्रात इतोसुंनी माकिवारावर, म्हणजे गवती दोर गुंडाळलेल्या फळीवर, रोज शेकडो ठोसे मारायला सांगितलंय. १९२२ साली फुनाकोशींनी ही विद्या तोक्योला नेली. पुढे जगभर रांग पोचली, फळी बऱ्याच ठिकाणी वाटेतच राहिली. भाचीच्या क्लासातही फळी नाही, बॅगही नाही.

फळी काय शिकवते? ती खोटं चालवून घेत नाही. मनगट वाकलं की लगेच दुखतं. पाय सुटलेले असले की आपणच मागे ढकलले जातो. १९८० च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी बॉक्सरांचे ठोसे मोजले. मुरलेल्यांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के, धडाच्या वळण्याचा ३७ आणि हाताचा फक्त २४. नवख्यांमध्ये पायांचा वाटा १६-१७ वर आणि हाताचा ३८ वर! म्हणजे ठोसा सुधारणं याचा अर्थ हाताकडचं काम पायांकडे सोपवणं. मागची टाच वळते, तिच्यामागून कंबर, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी. मूठ लागण्याच्या क्षणीच घट्ट, तोवर सैल. कुठली बोटं आधी लागावीत यावर मात्र एकमत नाही. कराटेवाले पहिल्या दोन बोटांच्या पेरांवर अडून बसतात, तर जगज्जेता जॅक डेम्प्सी १९५० च्या पुस्तकात ताकदीची रेघ करंगळीच्या बाजूने काढतो. मनगट सरळ हवं, यावर मात्र दोघांचंही दुमत नाही.

हे सगळं फोनवर सांगून झालं तेव्हा धुळ्याहून आलेले नाना, म्हणजे माझे वडील, शेजारीच बसून ऐकत होते. साठच्या दशकात तालमीत जाणारा माणूस. नातीला म्हणाले, "मुद्गल फिरवलेत का कधी?" आणि माझ्या लक्षात आलं, जी गोष्ट मी सोव्हिएत आकड्यांत शोधत होतो ती आमच्या माळ्यावर पडून होती. मुद्गल पाठीमागून फिरवून आणताना नुसता हात वापराल तर खांदा ओरडतो. पाय रोवावे लागतात, कंबर चालवावी लागते, आणि मूठ-मनगट तर आपोआप सरळ राहतं. ज्या मातीने ठोसा हाकलून दिला, तिथेच त्याची निम्मी तयारी चालू होती!

सध्या कार्यक्रम असा: रोज ४० बैठका, हलक्या मुद्गलाचे प्रत्येक हाताने २० फेर, आणि मग पोत्यावर फक्त १० ठोसे, पट्टी बांधून, सावकाश. इची-नी-सान नाही. नाना खुर्चीवर बसून नुसतं तिच्या मागच्या टाचेकडे बघतात. टाच वळली नाही तर तो ठोसा धरायचा नाही. गेल्या रविवारी १० पैकी ६ धरले म्हणे.