सूत, गज आणि आसगावची आलमारी

आसगावला (तालुका पवनी, जिल्हा भंडारा) आमचं मातीचं, कवेलूचं जुनं घर आहे. तिथल्या भिंतीतल्या आलमारीचं लाकूड वाळवीनं खाल्लं, म्हणून गेल्या दिवाळीत त्या जागेत बसेल असं तयार कपाट शोधत होतो. एकही बसेना. जागेची रुंदी खाली 31 इंच, मधे साडेतीस, वर पावणेएकतीस! शेवटी घरीच करायचं ठरवलं. हत्यारं म्हणाल तर करवत, रंधा, पटाशी, हातोडी. बस्स.

गावातल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना विचारलं तर ते हसले. "भिंत कधी सरळ राहते गा? तिचंच माप घे."

माझ्या टेपकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बांबूची कामटी जागेत आडवी धरली, तीन ठिकाणी खुणा केल्या. सगळ्यात अरुंद खूण धरायची, त्यात दोन सूत सूट द्यायची, उरलेली फट पुढून पट्टी मारून झाकायची. आकडा लिहिलाच नाही, तर चुकणार कुठून? चौकट काटकोनात आहे का, हेही सुतळीनंच बघितलं. दोन्ही कर्ण सारखे आले की झालं.

आता थोडा इतिहास. 'सुतार' हा शब्द आला 'सूत्रधार'वरून, म्हणजे दोरी धरणारा. जुन्या गजाचे तसू 24, पण गज सगळीकडे सारखा कुठे होता? मुंबईचा 27 इंचांचा, बंगालचा 36. परगावच्या आकड्याचा काय उपयोग? भिंतीवरून घेतलेली काठी मात्र कुठल्याही गावात खरी. 1956 च्या कायद्यानं मीटर आला, तरी सुतार अजून सुतातच बोलतो. 8 सूत म्हणजे 1 इंच. 'आलमारी' तर पोर्तुगीजांकडून आलेली, पण माप आपल्याच भिंतीचं.

हा क्रम उलटा झाला तो युरोपात. 1926 मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी ठरावीक मापाचं स्वयंपाकघर आखलं. अशी सुमारे 10,000 बसली. घर आणि कपाट एकाच हिशोबात बांधलं की कपाट स्वस्त पडतं. आपली मॉड्युलर किचन त्याच वंशातली.

आणि सुतार? पूर्वी नांगर-वखराच्या कामाबद्दल त्याला सुगीला धान्य मिळायचं. कपाट, दार, पाळणा ही कामं त्या नात्यातूनच यायची. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली आणि ते नातंच संपलं. काकांचा मुलगा आज नागपुरात मॉड्युलर किचन बसवतो. कमाई बरी आहे, त्याला नावं ठेवणारे आपण कोण? पण कामटी धरायला त्याला कुणी शिकवलं नाही. "त्यानं विचारलंच नाही," काका म्हणाले. मला शिकवलं, कारण मी विचारलं. माझं पोट मात्र त्यावर चालत नाही.

दोन वीकांत गेले, कपाट बसलं. दार जरा घासतं, पावसाळ्यात फुगून अडकणार बहुतेक. तेव्हा पुन्हा रंधा मारू. असो.