मुंबईतील पारशी व्यक्तिचित्रण

मुंबईत येऊन स्थायिक झालेल्या धनिक पारशी कुटुंबांच्या आश्रयाने, मुख्यतः एकोणिसाव्या शतकात वाढलेली तैलरंगातील व्यक्तिचित्रांची परंपरा. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (१७४७–९५) याने १७९१ नंतर पुण्यास सवाई माधवराव, नाना फडणीस इत्यादींची चित्रे रंगविली होती. परंतु ते आश्रयदाते सत्ताधीश होते. गुजरातेतून आलेल्या पारशी जहाजबांधणीकारांजवळ व व्यापाऱ्यांजवळ राजचिन्हे नव्हती. स्वकष्टार्जित प्रतिष्ठा दृश्य रूपात मांडण्याचे साधन म्हणून त्यांनी पाश्चात्त्य पद्धतीचे व्यक्तिचित्र स्वीकारले.

चीनशी चालणाऱ्या कापूस व अफूच्या व्यापारामुळे या परंपरेस वेगळेच वळण लागले. कँटन येथे लामक्वासारखे चिनी चित्रकार यूरोपीय शैलीत चित्रे काढीत. तेथे जाणारे पारशी व्यापारी आपली चित्रे काढवून ती मुंबईस आणीत. पांढरा डगला, उंच पगडी, खुर्ची, पडदा, हाती कागद आणि क्वचित मागे समुद्र वा जहाज, असा त्यांचा ठरीव साचा असे. वाडियांच्या चित्रांत जहाजाचा आराखडा व मोजपट्टी दिसते. येथे व्यवसायच कुलचिन्ह झाला आहे. ज्या अफूवर यातील पुष्कळ संपत्ती उभी राहिली, तिचा निर्देश मात्र चित्रांत सहसा आढळत नाही. मुखावरील भाव बव्हंशी संयत, काहीसे ताठर असतात.

पाच वेळा चीनचा प्रवास केलेले सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली आणि आश्रयदात्यांच्या समाजातूनच चित्रकार निर्माण झाले. पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. पुढे पारशी घरांतील माणसे रंगविताना त्यांनी छायाप्रकाशाचा उपयोग इतक्या जिव्हाळ्याने केला, की जुना ताठरपणा लोपला. मंचेरशा पिठावाला (१८७२–१९३७) यांची स्त्रियांची व्यक्तिचित्रे वस्त्रांच्या पोतासाठी वाखाणली गेली. जहांगीर लालकाका (१८८४–१९६८) यांना १९३० मध्ये अतुल बोस यांच्यासह इंग्लंडमधील राजघराण्याच्या व्यक्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम मिळाले.

या सर्व चित्रांना अनुकरण म्हणून बाजूस सारणे योग्य नाही. अग्यारी व धर्मादाय संस्थांत दात्यांची चित्रे लावण्याच्या प्रथेमुळे त्यांना स्मारकाचे स्थान लाभले. छायाचित्रणाचा प्रसार झाल्यावर चित्रकार छायाचित्रांवरूनही तैलचित्रे करू लागले. त्यांत सफाई आली, पण समोर बसलेल्या माणसाचे सजीवपण उणावले.