जिबरेलीन संकेत (द्राक्षातील)
द्राक्षमण्याच्या पेशींना वाढीचा निरोप देणारी संप्रेरक-यंत्रणा. तासगाव, पलूस (जि. सांगली) आणि खटाव (जि. सातारा) भागांतील बागायतदार बिनबियांच्या घडांना ‘जीए’ (जिबरेलिक आम्ल) देतात, मणी ज्वारीएवढे झाले की एकेक घड द्रावणात बुडवून काढतात. एरवी बी हे संप्रेरक पुरवते. इथे ते अपुरे पडते. पेशीत शिरलेला रेणू जीआयडी१ या ग्राही प्रथिनाच्या खाचेत बसतो. ही जोडी मग वाढ रोखून धरणाऱ्या डेला प्रथिनाला पकडते आणि पेशी डेला मोडून टाकते. लगाम सुटतो, पेशी ताणतात, मणी फुगतो. १९२६ मध्ये एइची कुरोसावा यांना भाताच्या रोगट, उंच रोपांतून या संप्रेरकाचा माग लागला; ग्राही मात्र २००५ मध्ये सापडला. मात्रा पीपीएममध्ये मोजतात; एवढ्याशा रेणूंचीही पेशीला अचूक ओळख पटते, हे थक्क करणारे आहे.