पावसाचं परमिट

अमेरिकेच्या १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्यात पैशांची सोय होती: सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचा ७५ टक्के खर्च केंद्र सरकार उचलणार. १९८७च्या दुरुस्तीने गटारातून नदीत जाणारं पावसाचं पाणीही परमिटखाली आणलं, आणि त्याच दुरुस्तीने अनुदानं टप्प्याटप्प्याने संपवून कर्जं आणली. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, फीचर वाढवलं नि बजेट कापलं!

१९९०चे नियम लाखावर वस्तीच्या शहरांसाठी होते. १९९९मध्ये छोट्यांचीही पाळी आली. गटारांचे नकाशे, चोरट्या जोडण्यांचा शोध, बांधकामांवर नजर. नियम चुकीचे नव्हते. रस्त्यावरचं तेल नदीत जातच होतं. मधल्या काळात, १९९५ला, विनानिधी सक्तीवर कायदा झाला, पण त्याने खर्च मोजायला लावला, द्यायला नाही. मग अनेक गावांनी छपरं आणि फरसबंदी मोजून फी बसवली. विरोधक तिला 'पावसावरचा कर' म्हणतात.